अंगठ्यावर चालणारा शिकंजा

गणपतअप्पा सुतार लाकूड पायांनी धरायचे. जमिनीवर पोतं अंथरून बसायचे, फळी दोन्ही तळव्यांत दाबायचे आणि रंधा मारायला लागायचे. फळी हलायची नाही. उजव्या पायाच्या अंगठ्यावर शेंगदाण्याएवढा घट्टा होता आणि तो ते गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवायचे. "हाताचं काय, हात कुणाचाबी शिकतो. पाय शिकला की सुतार झाला," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

आमच्या ईट गावात माझी पिठाची गिरणी त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे. माझ्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट आणि त्यांचा रंधा दिवसभर चालायचा, त्यामुळं आम्ही दोघंही ओरडूनच बोलायचो. आमचं भांडण चाललंय की गप्पा, हे गल्लीला कधी कळलं नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. भूमच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वाकायचंही नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आता आराम करा. अप्पांनी ओट्यावर खुर्ची टाकली आणि मला विचारलं, "सुमन, आराम म्हंजी नेमकं काय करायचं असतंय?" मी हसले. पण काही दिवसांनी त्यांनी चप्पल काढून पाय माझ्यापुढं केला. घट्टा मऊ पडला होता, त्याची सालं निघत होती.

"ह्यो गेला की मी सुतार न्हाय बघ," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. चहा टाकते म्हटलं आणि आत गेले.

शेवटी त्यांनी उभ्यानं काम करायचं ठरवलं आणि बाक केला. केला तोही गुडघ्याएवढ्या उंचीचा! जन्मभर लाकूड मांडीजवळ बघितलेलं, त्याहून वर ठेवायचं त्यांच्या मनातच येईना. त्यावर वाकून वाकून कंबरही धरली. मी म्हटलं, अप्पा, हा बाक नाही, पाट झाला. त्याचा राग येऊन काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बरेच दिवस दळण दुसरीकडं नेलं. पुढं एका सकाळी बघते तर बाकाला नवे उंच पाय लागलेले, आणि दळणाचा डबा माझ्या दारात.

आता फळी धरायला पायांच्या जागी काहीतरी हवं होतं. अप्पांनी बाकाच्या पुढच्या पायाला समोरून बाभळीची जाड फळी उभी लावली. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मोडक्या जॅकचा आट्यांचा दांडा दोन्हींतून आरपार घातला. दांडा फिरवला की उभी फळी बाकाकडे सरकायची आणि मधलं लाकूड आवळायची. हा त्यांचा शिकंजा. लाकडाला वळ उठू नयेत म्हणून आतून गिरणीचा जुना पट्टा ठोकला. तो मी दिला होता, हे मी सगळ्यांना सांगत असे.

पण शिकंजा वरच आवळायचा, खालून उभी फळी आत कलायची आणि लाकूड निसटायचं. म्हणून तळाशी भोकांची पट्टी बसवली. लाकूड जेवढं जाड, तेवढ्या अंतरावरच्या भोकात खिळा घालायचा, मग फळी सरळ राहायची. आणि खिळा बदलायचा म्हणजे खाली वाकायचं! जे जमत नव्हतं, नेमकं तेच त्यांनी करून ठेवलं होतं.

मग काकूंना हाक जायची. भाकरी तव्यावर असली तरी "अगं, खिळा!" एकदा भाकरी करपली तेव्हा काकूंनी खिळा काढून पदराला बांधला आणि सांगितलं, आता बसा. अप्पा खरंच बसले. खुर्चीवर, पुन्हा ओट्यावर. त्या दिवसांत रंध्याचा आवाज नसल्यानं मला माझ्याच गिरणीचा आवाज नकोसा व्हायचा.

एका संध्याकाळी वारं सुटलं होतं. गिरणीचं दार आपटत होतं आणि माझे दोन्ही हात पिठात होते, म्हणून मी पायानंच पाचर दाराखाली सारली. अप्पा ओट्यावरून बघत होते. "परत सार बरं," ते म्हणाले. मी सारली. ते काठी न घेताच उठले.

त्यांनी पट्टी काढून टाकली. बाकाचा पाय आणि उभी फळी यांच्यामध्ये, अगदी जमिनीलगत, आडवी पाचर ठेवली. लाकूड जाड असलं की अंगठ्यानं ती आत सारायची, पातळ असलं की ओढून घ्यायची. पहिली पाचर आखूड होती, आवळलं की टुणकन बाहेर यायची. मग हातभर लांब, हळूहळू निमुळती होत जाणारी केली आणि अंगठा अडकवून ओढायला तिच्यावर एक खुंटी बसवली. ही पाचर हलली नाही. अप्पांनी चौकटीचं लाकूड आवळलं, अनवाणी उभे राहिले आणि रंधा मारला. काकू दारात येऊन बघत राहिल्या. मग पदराची गाठ सोडून त्यांनी खिळा अप्पांच्या हातावर ठेवला.

त्यानंतर गल्लीतल्या बहुतेक दारांच्या चौकटी त्या बाकावर झाल्या. अप्पा गेले ते या पोळ्यानंतर. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. सकाळी आवळलेली फळी शिकंज्यात तशीच होती.

पाया पडायला वाकले तेव्हा माझं बोट त्यांच्या उजव्या अंगठ्याला अडलं. घट्टा होता. जुन्या जागी नव्हे, आतल्या कडेला, जिथं पाचर लागायची तिथं. चांगला टणक. मला रडू आवरेना. मी काकूंना जवळ घेतलं आणि त्यांचा हात तिथं ठेवला.

त्यांनी तो कितीतरी वेळ काढला नाही.