पहिला ठोका

नव्वदच्या दशकात वाशीच्या एका रिकाम्या गाळ्यात रविवारी दुपारी आमच्या बँडचा सराव चालायचा. जमैकाचं रेगे संगीत, रॉक आणि देशोदेशीचे ताल मिसळून आम्ही चौघं स्वतःची गाणी बांधत होतो. भाजीबाजारातला एक माथाडी शटरपाशी येऊन उभा राहायचा. पन्नाशीचा, बोलण्यावरून साताऱ्याकडचा. डोक्यावरचं फडकं खांद्यावर टाकून डोळे मिटून ऐकायचा आणि गाणं संपलं की निघून जायचा. त्याला यात काय आवडतं, याचं मला कुतूहल होतं.

एकदा आमचा ड्रमर वैतागला. रेगेत पहिला ठोका मोकळा सोडायचा असतो आणि त्याचा हात नेमका तिथेच पडत होता.

"हे गाणंच काढून टाकू," तो म्हणाला. गाणं माझं होतं.

"काढू नगा," शटरपाशी उभा असलेला माथाडी म्हणाला. "पोतं उचलताना आमी बी आदी दम धरतो, जोर मागनं लावतो. पयल्या ठोक्याला तसाच दम धरा."

ड्रमरनं तसं केलं आणि ताल बसला.

"काका, तुम्ही काय वाजवता?" मी विचारलं.

"गावाकडं हलगी वाजवायचो. हितं आल्यापास्नं न्हाई."

आम्ही त्याला आत बोलावलं. त्यानं छोटा ड्रम उचलून हलगीसारखा छातीशी धरला. सुरुवातीला हात अडखळले, मग असे सुटले की आम्ही वाद्यं खाली ठेवली.

इतके रविवार गेले, पण त्याला आत या म्हणायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.