जोर लावला की रक्त

“इंजेक्शनं चालू ठेवा. खोकल्यात रक्त, एक्स-रेत सावली. क्षय नाही तर काय पडसं?” साहेबांनी प्लेट माझ्या हातात परत दिली.

साहेब म्हणजे आमच्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर. मी त्यांच्या हाताखाली नवा. ते साठच्या दशकातले दिवस. खोकल्यात रक्त म्हणजे क्षय, हे शेंबडं पोरही सांगायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. पण थळच्या गणा तांडेलाच्या थुंकीत क्षयाचे जंतू काही केल्या सापडत नव्हते. ताप नाही, वजन घटलेलं नाही. माणूस चांगला धिप्पाड.

तांडेल म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या. होडीवर सगळे एकाच परातीत जेवतात. क्षयाचं नाव निघाल्यावर गणाची थाळी वेगळी झाली, मग त्याला होडीवर घेणंच बंद झालं. त्यानंही चिडून इंजेक्शनं सोडली. म्हणून मी कोळीवाड्यात गेलो.

किनाऱ्यावर होडी वर ओढणं चाललं होतं. या कामाला अख्खा कोळीवाडा खांदा देतो, आपसात बोलणं बंद असलं तरी. गणाही लागला होता. आरोळी झाली, सगळ्यांनी रेटा दिला आणि गणा खोकला. वाळूवर लालभडक रक्त! तो बाजूला जाऊन बसला. जरा वेळानं रक्त थांबलं.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, “तांडेल, आधीही असंच व्हायचं?”

“जालं ओरताना, होरी ओरताना. जोर लावला का येतं रगत.”

“म्हणजे जाळं, होडी ओढताना. आणि नुसतं बसल्यावर?”

“कदी नाय. होरीवर आसलो का समिंदरात थुकायचो. कोनाला कलू दिला नाय.”

क्षय असा जोर लावायची वाट बघत बसत नाही. मी गणाला दवाखान्यात आणून स्क्रीनिंग केलं, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर छाती हलती बघितली. प्लेटवरची ती गोल सावली काळजाच्या ठोक्याबरोबर उडत होती.

“साहेब, हा धमनीचा फुगवटा असेल तर?”

“न्या मुंबईला,” साहेब वैतागले. “क्षय निघाला तर मला तोंड दाखवू नका.”

रेवस बंदरावर मुंबईच्या लाँचमध्ये गणाची बायको हिरा माझ्यासमोर बसली होती. “डाक्टर, मानूस परत येल ना?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. मला खोटं बोलवेना.

मुंबईच्या सर्जननी ब्राँकोस्कोप घातला. ही तोंडातून श्वासनलिकेत घालायची दिव्याची नळी. आत गाठ दिसली की चिमट्यानं तिचा तुकडा घेऊन तपासायचा, हा रिवाज. आत तशी गाठ दिसली आणि चिमटा हातात आलासुद्धा.

“सर, याला जोर लावला की रक्त येतं. आधी नीट बघा,” मी शेजारून म्हणालो.

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला. “उडतंय हे. तुकडा घेतला असता तर टेबलावरच गेला असता.”



श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या असतात, ब्राँकियल आर्टरी. सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा त्यातल्या एकीला फुगा आला होता. त्यालाच ॲन्युरिझम म्हणतात. सर्जननी छाती उघडून धमनी दोन्हीकडून बांधली आणि फुगा काढून टाकला. हिराला सांगताना मलाच रडू आलं, इतकं हलकं वाटलं.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. “बरं झालं. क्षय वाटत नव्हताच मला.”

मी हसू गिळलं.

पुढे थळला गेलो तेव्हा होडी वर येत होती. ओढायला गणाला माझीच मनाई, म्हणून तो बाजूला उभा राहून आरोळी देत होता. मग परात मांडली गेली. खलाशी सरकले, गणा मधे बसला.

“डाक्टर, तुमीपन बसा.”

बसलो. कालवण झणझणीत होतं.

रक्त दिसलं की रोगाला नाव द्यायची घाई होते. ते आलं तेव्हा माणूस काय करत होता, हे आधी विचारावं. चिमटा कुठे पळून जात नाही.