ताईसाठी मोठा अल्टरनेटर

गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'थांबामिस्त्री' म्हणत. "झालं का?" असं विचारलं की मान वर न करता "थांबा" एवढंच उत्तर मिळायचं. गिऱ्हाईक चिडायचं, चार शब्द ऐकवायचं आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने त्याच्याकडेच यायचं.

या वेळी गिऱ्हाईक होती त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला, दोन धपाटे जास्तीचेच घालून. आता तिची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असे. मशीन भिंतीतल्या प्लगला बांधलेलं, म्हणजे तीही प्लगलाच बांधलेली. धाकटी बहीण चार तासांच्या वाटेवर राहायची. मांडीचं हाड मोडून तीही अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या.

"मला तिला एकदा डोळ्यांनी बघायचंय," ताई म्हणाली. "जगाच्या गाड्या नीट करतोस, माझी एक सोय कर की."

ताईच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊजींची, जुनी व्हॅन होती. तिच्यात इन्व्हर्टर बसवून त्यावर मशीन चालवायचं, तर इंजिनावर फिरून वीज तयार करणारा मूळचा अल्टरनेटर पुरणार नव्हता. तो बिचारा दिवे आणि हॉर्न यांच्यापुरताच. मिस्त्रीने दुप्पट ताकदीचा अल्टरनेटर बसवला, व्होल्टेज सांभाळणारा नवा रेग्युलेटर लावला, बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल ओढली. ताई रोज फोन करायची, "अरे, माझ्या हयातीत होणार का?" शेवटी त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून मीटर पाहिला. चौदा व्होल्टच्या वर. आणि जन्मात पहिल्यांदा न थांबता तो "झालं" म्हणून मोकळा झाला.

निघायच्या सकाळी ताई नवी साडी नेसून व्हॅनमध्ये बसली. इंजिन चालू, मशीन चालू. औषधं घेतली का, पाणी घेतलं का, शेजारणीचा निरोप, यात दहा-बारा मिनिटं गेली. तेवढ्यात इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला. गाडी जागेवर उभी असताना इंजिन संथ फिरतं, आणि तेवढ्या फिरण्यात मोठा अल्टरनेटरसुद्धा वीज पुरवू शकत नव्हता. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच? दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्याने नुसतं अ‍ॅक्सिलरेटर दाबून मीटर बघण्याची ही चूक केली नसती. सोबतचा ऑक्सिजनचा सिलिंडर जेमतेम तासभर पुरणारा. ताईला उतरवून पुन्हा घरात नेलं. तिने नवी साडी बदलून घडी करून ठेवली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्याने अल्टरनेटरची पुली, म्हणजे पट्ट्याने फिरणारी चकती, काढून लहान पुली बसवली, म्हणजे इंजिन संथ असलं तरी तो जोरात फिरावा. पट्टाही मापाचा घातला. मग मशीन, पंखा, हेडलाइट सगळं लावून तो अंगणात उभ्या व्हॅनमध्ये एकटाच पाच तास बसून राहिला. भाऊजी दोनदा विचारून गेले. दोन्हीदा उत्तर आलं, "थांबा."

पुढच्या आठवड्यात निघाले. भाऊजी गाडी चालवत होते, मिस्त्री मागे ताईसमोर मीटर धरून बसला होता. अर्ध्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी मध्येच अडकलेली, पुढे ट्रकांची ही रांग. पंधरा मिनिटं झाली, चाळीस झाली, तासही उलटला. मीटरचा आकडा तेरा पॉइंट आठच्या खाली येईना. तरी त्याची नजर हलेना.

"त्या डबीत काय बघतोस सारखा?" ताई म्हणाली. "दोन वर्षं हेच चाललंय. येतोस, मशीन तपासतोस, वायर चाचपतोस, जातोस. मी इथे बसलेय ना."

त्याने वर पाहिलं. गाल आत गेलेले, केस विरळ झालेले, गळ्याची हाडं वर आलेली. हे सगळं केव्हा झालं, त्याला कळलंच नव्हतं.

"भीती वाटते गं तुझ्याकडे बघायची," तो म्हणाला. "मशीन बिघडलं तर मला दुरुस्त करता येतं."

"मलाही वाटते. म्हणून तर तिला बघून घ्यायचंय," ती म्हणाली आणि त्याचा हात हातात घेऊन बसली.

फाटक उघडलं. दुपारी मशीन धाकटीच्या घरातल्या प्लगला लागलं आणि ताई तिच्या पलंगाशी उभी राहिली. धाकटीने हात उचलून तिच्या तोंडावरून फिरवला आणि कण्हत-कण्हत जरा भिंतीकडे सरकली. रिकाम्या झालेल्या तेवढ्याशा जागेत, नाकातली नळी सांभाळत, ताई तिच्याशेजारी आडवी झाली.