दाणा बोलतो तोवर

शहरातल्या महाल भागात एका दुकानात मी हायब्रीड ज्वारीचं बियाणं विकायचो. काटोलकडचा एक म्हातारा दर मृगाआधी येई आणि दाणा दाताखाली फोडून पाही. मी ओरडायचो,

"बाबाजी, थुंका! विष लावलं हाये त्याले."

"म्हणूनच तुहा दाणा बोलत नाही गा. कट्कन बोलला, तर दाणा जित्ता."

एकदा त्यानं गावरान ज्वारीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "पोरायनं वावरभर हायब्रीड पेरलं. हे सांभाळ. दोन मृगांच्या आत मातीत गेलं पायजे. जागा भेटली का नेतो."

आज दुसरा मृग लागला. तो आलेला नाही. त्याचं गाव मी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी पुरचुंडीतला एक दाणा मी दाताखाली धरला. कट्कन बोलला.

आमच्या माडीवरच्या खोलीत माती आहे ती तुळशीच्या कुंडीपुरती.