अठराव्या पायरीवरचं बाक

वहिनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आम्ही हमाल तिला वहिनीच म्हणायचो; दादा कोण, यावरून चेष्टा चालायची. गाडीरस्ता संपतो तिथल्या मुक्कामघरात ती कामाला होती. तिथून चार तासांच्या चढावर एक हॉटेल होतं. हवा विरळ, बटाटे शिजता शिजत नसत, आणि लोकांना हौस तिथेच लग्न करायची.

वऱ्हाडाची तयारी वहिनीकडे. पाहुण्यांचे बूट ती स्वतः बांधायची. नाडीखाली एक बोट जायलाच हवं. आवळली तर पाय गार पडतो, सैल सोडली तर फोड येतो. मग मागच्या छत्तीस पायऱ्या. "चढता चढता घरची माणसं सांगा. मामा कोण, रुसलंय कोण." वाक्य न तुटता जो वर पोचला तो निघाला. ज्याचं तुटलं त्याचा आणखी एक मुक्काम.

त्या लग्नात नवरीची आत्या होती. सत्तरीला टेकलेली. नवरीची आई लवकर गेली, पोरीला वाढवलं हिनेच. लग्न परवा होतं. वहिनी नवरीच्या काकांच्या बुटांत अडकली होती, म्हणून मला म्हणाली, "आत्याबाईंना तू ने. कान देऊन ऐक."

अठराव्या पायरीवर आत्याबाई थांबल्या. "तिचा मामा... तिचा मामा ना..." आणि दगडावर हात टेकून वाकल्या. "सांगू नकोस रे. पोरगी वर एकटी आहे."

त्या मुक्कामाला थांबल्या असत्या तर त्यांची ट्रंक घेऊन मला दुसऱ्या दिवशी वेगळी खेप करावी लागली असती. मी खाली ओरडलो, "वहिनी, आत्याबाई पास! तोंडाला उसंतच नाही यांच्या!"

"वाक्य तुटलं नाही ना?"

"छे!"

ती हसली. माझ्यावर विश्वास होता तिचा. जन्मभर मी दुसऱ्यांचा कामचुकारपणा मोजला. त्या दिवशीचा माझा होता.

वर पोचल्यावर आत्याबाईंचं डोकं धरलं. उलट्या झाल्या. सकाळी पाऊल सरळ पडेना, बोलणं अडखळू लागलं. वऱ्हाडाबरोबर वर आलेल्या वहिनीने एका शब्दात निकाल दिला, "खाली." मी त्यांना पाठुंगळी घेतलं. वाटेत त्या कानाशी विचारत होत्या, "लागलं का रे लग्न?" लग्नाला अजून एक दिवस होता.

खालच्या दवाखान्यात त्या वाचल्या. लग्न त्यांच्याशिवाय लागलं. एक दिवस थांबून आल्या असत्या तर पहिल्या रांगेत बसल्या असत्या.

नवरीचा बाप मुक्कामघरात येऊन वहिनीवर कडाडला, "तुम्ही तपासून सोडलं होतं ना?"

"हो," ती म्हणाली. "चूक माझी."

मी दारात उभा होतो. हातात दोर होता, तो गुंडाळत राहिलो.

आठवड्याने मी तिला सांगितलं. ती बूट पुसत होती. "ठाऊक आहे. आत्याबाई दवाखान्यातच बोलल्या."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"पायऱ्या माझं काम. मी तुझ्यावर टाकलं." मग दुसरा बूट उचलून, "माणसाला धाप लागली की लाज वाटते रे. टेकायला जागा असती तर बाई बसली असती, खोटं बोलायला लागली नसती."

त्यानंतर लग्नाचं वऱ्हाड मालकाने तिच्याकडे दिलं नाही. सहा वर्षं तिने चादरी धुतल्या, त्याही साडेचारला उठून. मी तरीही मालकाकडे गेलो नाही.

काम सोडताना मिळालेल्या पैशांतून तिने एक लोखंडी बाक घेतलं. पाठ टेकता येईल असं. अठराव्या पायरीवर ते मीच चढवलं, दोन दम घेऊन. तिने हमाली पुढे केली, ठरलेल्या दराने. मी ती घेतली.