अण्णांचं ‘न्हाई’

नांदेडला विद्यापीठात आमच्या विभागाचा पदवी समारंभ लाईव्ह दाखवायचं ठरलं, तेव्हा मीटिंगचा निम्मा वेळ पुष्पगुच्छांवर गेला. उरलेला मी भांडून मिळवला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना या लाईव्हमधून काय मिळणार, असं मी विचारलं. समितीतले एक सर म्हणाले, “स्टेज दिसेल की!” माझं डोकंच फिरलं.

भांडायला कारण होतं. विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारी मुलगी अहमदपूरकडची, आणि तिच्या वडिलांचे, अण्णांचे, कान लातूरच्या एका डाळमिलच्या खडखडाटात गेलेले. कुणी काहीही विचारलं की अण्णा होकाराची मान हलवून ‘हाव’ म्हणायचे. जेवलात का? हाव. कुठं निघालात? हाव. लोक हसायचे, म्हणून त्यांनी लग्नकार्यांना जाणंच सोडलं. अण्णांना अक्षरं जुळवून वाचण्यापुरतं येत होतं, म्हणून समारंभाला येता का, असं मुलीनं कागदावर लिहून विचारलं, तर म्हणाले, “दगडावानी बसून काय करू? तू बोल, मी मोबाईलवर तुझं तोंड बघतो.”

“मॅडम, नुसतं तोंड न्हाई,” ती मला म्हणाली. “माझं बोलणं कळाया पाहिजे त्यांना. अन् कळलं का म्हणून विचारलं तर ते हावच म्हणतील. मग मला कसं समजावं?”

ते पुढचं पुढे. निदान बोलणं पोचवायचं तरी बघू, म्हणून बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय आधी लावून पाहिली. चाचणीला ती म्हणाली, “आमच्या घरी कुणी शिकलेलं न्हाई.” पडद्यावर उमटलं, ‘आमच्या घरी कुणी शिकलेला न्हावी.’ आम्ही पोट धरून हसलो आणि त्या यंत्राला रजा दिली. मी आणि ऑफिसातल्या टायपिस्ट बाई, दोघींनी बोललेलं सगळं लाईव्हच्या खालच्या पट्टीत आळीपाळीने टाईप करायचं ठरवलं. त्यावर सरांचा नवा मुद्दा आला: पडद्यावर ‘लई’ आणि ‘हाय’ दिसलं तर आपली शोभा होईल, शुद्ध करून लिहा. मी म्हटलं, “सर, बाप लेकीचं बोलणं ऐकणार आहे. निबंध तपासणार नाही.” सरांनी तो मुद्दा सोडला, आणि मला मनापासून बरं वाटलं.

मग मी थांबलेच नाही. घरून पाहणाऱ्यांनी लिहिलेलं सभागृहात दिसावं म्हणून दुसरा पडदा मागून घेतला. खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या एक बाई बोलावल्या आणि त्यांच्यापुढे खुर्च्या आडव्या लावल्या, कारण शाल-नारळ निघाले की आपल्याकडे अख्खं स्टेज पुढे सरकतं. मुलीनं गावी जाऊन अण्णांना मोबाईलवर एका बोटानं लिहायला शिकवलं.

ती बोलायला उभी राहिली तेव्हा टायपिंगची पाळी माझी होती. लिहून आणलेलं भाषण तिनं बाजूला ठेवलं. “मी कॉलेजला सायकलवर जायची,” ती म्हणाली. “आमच्या अण्णानं घेऊन दिलेली लाल सायकल. लई जपली म्या.” मी तसंच्या तसं टाईप केलं.

आणि ती थांबली. पाण्याचा घोट घेतला. पुन्हा ग्लास उचलला. लाईव्ह गावाकडे जरा उशिरा पोचतं हे चाचणीच्या वेळी मीच तिला सांगितलं होतं, पण तेव्हा ते कुठलं आठवायला? मला वाटलं, पोरगी विसरली. सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

दुसऱ्या पडद्यावर एक ओळ आली.

‘न्हाई. लाल न्हाई पोरी. हिरवी व्हती.’

सभागृहात हशा पिकला. बापानं लेकीची चूक काढली, एवढंच लोकांना दिसलं. रंग तिनं मुद्दाम चुकवला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. हाव म्हणून भागणारच नाही, असं तिनं विचारलं होतं. जिंकली पोरगी! मला उठून नाचावंसं वाटलं.

ती मात्र माईक घट्ट धरून एकाच वेळी हसत आणि रडत होती.

“हाव अण्णा,” ती म्हणाली. “हिरवीच व्हती.”

मला कीबोर्ड धड दिसत नव्हता. तरी मी ते टाईप केलं, एक अक्षरही शुद्ध न करता.