हिल्काने खुशाली विचारली तेव्हा

कल्पना करा, तुम्ही एका दुकानाच्या गल्ल्यावर बसला आहात. समोर ताउनो उभा आहे. तो रोज येतो, कॉफी, राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि सॉसेज घेतो, एकदा मान हलवतो आणि जातो. आता तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघायचं, दात दिसतील एवढं हसायचं आणि विचारायचं, "आज कसे आहात?"

सोपं वाटलं ना? म्हणजे तुम्ही आमच्या सुओलाम्मी गावात कधी राहिलेला नाहीत. इथे असं विचारलं तर माणूस खरं उत्तर देतो. म्हणून तर कोणी विचारत नाही.

हिल्का रुओत्सालाइनन आमची दुकानदारीण. उंच, बारीक कापलेले केस, बारा महिने अंगात तीच लोकरी बंडी. तिच्या दुकानात मला आजवर काही मागावं लागलेलं नाही. मी शिंकत आत शिरलो की काळ्या मनुकांच्या सरबताची बाटली आपोआप गल्ल्यापुढच्या सरकत्या पट्ट्यावर येते. ताउनोच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे दात पडले, तेव्हा हिल्काने त्याच्या टोपलीतला कडक खाण्याचा पुडा काढला आणि मऊ खाण्याचे डबे ठेवले. ताउनोने डब्यांकडे पाहिलं, हिल्काकडे पाहिलं आणि मान दोनदा हलवली. आमच्याकडे याला भावनांचा पूर म्हणतात.

पण ज्या कंपनीची पाटी दुकानावर आहे आणि जिचा ट्रक माल आणतो, ती दरवर्षी एक गुप्त ग्राहक पाठवते. तो साधं गिऱ्हाईक बनून येतो आणि दुकानाला गुण देतो. मागच्या वर्षीच्या ग्राहकाने आपुलकीच्या रकान्यात लिहिलं, "दुकानदार बाईंना माझ्या येण्याचं काही वाटलं की नाही, ते समजू शकलं नाही." यंदा पुन्हा नापास झाली तर पाटी उतरणार आणि ट्रक बंद. पुढचं दुकान तासाभराच्या रस्त्यावर, आणि हिवाळ्यात तो रस्ता नसून बर्फाची घसरगुंडी असते.

म्हणून कंपनीने वेरा नावाची एक हसरी मुलगी शिकवायला पाठवली.

"हसा ना, हिल्का."

"हसतेच आहे."

"बाहेरून हसा."

हिल्काने प्रयत्न केला. वेरा जरा मागे सरकली. "छान. आता प्रत्येकाला विचारायचं, आज कसे आहात. एवढंच."

"आणि त्यांनी सांगितलं तर?"

"अहो, 'मजेत' म्हणतील आणि जातील."

"कोण?" हिल्काने मनापासून विचारलं.

सोमवारी पहिला आला ताउनो. हिल्काने डोळ्यांत पाहिलं, दात दाखवले, विचारलं. ताउनोने टोपली खाली ठेवली. "थांब. विचार करून सांगतो." तो कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलाशी जाऊन बसला. दोन कप संपवून परत आला. "गुडघा ठीक आहे. बाकी नाही." मग त्याने भावाशी होडीवरून झालेलं भांडण सांगितलं, अगदी होडी विकत घेतली तिथपासून. मागे रांग लागली. कोणी कुरकुरलं नाही, कारण होडीचं नेमकं काय झालं ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

मग आली इर्या, निवृत्त नर्स. प्रश्न ऐकून तिचा चेहराच उतरला. "मला का विचारतेस? डॉक्टर काही बोलला का तुझ्यापाशी?"

"नाही गं. सहज."

"सहज? तू? आणि हसतेयस का अशी? हिल्का, खरं सांग, तुला काय झालंय?"

संध्याकाळपर्यंत गावाने निदान केलं की हिल्का काही फार दिवसांची सोबतीण नाही. दुसऱ्या दिवशी लोक माशाचं सूप आणि भाताच्या पुऱ्या डब्यांत भरून दुकानात येऊ लागले. शेवटी हिल्काने वैतागून गल्ल्यामागून ओरडून सांगितलं, "मी मरत नाहीये! कंपनीची परीक्षा आहे!"

हे कळल्यावर गावाने मदत करायचं ठरवलं, आणि तिथून खरं संकट सुरू झालं. कॉफीच्या टेबलाशी गप्पांचा सराव चालू झाला.

"आज हवा आहे," ताउनो म्हणायचा.

"आहे," इर्या म्हणायची.

मग दोघं दमून गप्प बसायची.

गुरुवारी करड्या जाकिटातला एक अनोळखी माणूस आला. त्याने एकच गाजर आणि एक चॉकलेट घेतलं. एकच गाजर! हा गुप्त ग्राहकच असणार, हे सगळ्या दुकानाने ओळखलं. ताउनो ताबडतोब ओरडला, "आज हवा आहे!"

माणूस गल्ल्याशी आला. हिल्काचे कान लाल झाले होते. हसायचं ती साफ विसरली, पण प्रश्न विचारला. "आज कसे आहात?"

माणसाने तोंड उघडलं. 'मजेत' म्हणायचं हे त्याला नक्कीच शिकवलेलं असणार. पण तोही आमच्याच मातीतला. त्याने हातातलं गाजर पट्ट्यावर ठेवलं. "खरं सांगू?"

"सांगा."

"आईला वृद्धाश्रमात ठेवून आलोय. तिच्या काळ्या पावाचं आंबवण, म्हणजे पीठ फुगवायचं विरजण, गाडीत आहे. तिच्या आजीपासून चालत आलेलं. मला पाव करता येत नाही. दोन दिवसांपासून ते फुगत नाहीये, एक बुडबुडा नाही."

"आत आणा," हिल्का म्हणाली.

आइस्क्रीमच्या डब्यात होतं ते. गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलं होतं म्हणे. झाकण उघडताच ताउनोने नाक धरलं. "मेलंय."

"गप बस. झोपलंय," इर्या म्हणाली.

"वासावरून कळतं मला."

"तुझा वास बाजूला कर आधी!"

आणि काय सांगू, सगळं दुकान बोलायला लागलं. कोमट पाणी की थंड, खडबडीत पीठ की बारीक, फ्रीजमध्ये की चुलीजवळ. ज्या माणसांना हवेबद्दल दुसरं वाक्य सुचत नव्हतं, ती आंबवणावरून भांडायला लागली. हिल्काने स्वतःच्या फडताळातून रायचं पीठ आणलं, कोमट पाण्यात कालवून डब्यात घातलं आणि लाकडी चमच्याने ढवळलं. "उबेत ठेवा. उद्या बुडबुडे आले तर जिवंत आहे. आले नाहीत तरी लगेच टाकू नका. पुन्हा खायला घाला." पिठाची पिशवी तिने त्याच्या काखेत खोचली. तो डबा छातीशी धरून निघाला. गाजर पट्ट्यावरच राहिलं.

पंधरवड्याने वेराचा फोन आला. तिच्या आवाजातच हसू होतं. "वेगाच्या रकान्यात नापास, हिल्का. अगदी खाली. पण आपुलकीत पैकीच्या पैकी! पाटी राहिली!"

टेबलाशी ताउनोने मान तीनदा हलवली.

"बरं," हिल्का म्हणाली. "त्या माणसाचा नंबर दे."

"अहो, तो गुप्त असतो. नाव सांगता येत नाही."

"नाव कोण मागतंय? निरोप तरी दे."

"तेही नियमात बसत नाही. कशाला हवाय तुम्हाला तो? पास झालात ना!"

हिल्काने फोन कानापासून दूर धरला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला साधी गोष्ट कळत नाहीये. मग पुन्हा कानाला लावला.

"अगं, पास झाले ते कळलं मला. पण बुडबुडे आले का त्याला?"